नाताळचं जेवण आधी करून ठेवावं की त्याच दिवशी करावं?

तुम्ही लिहिलंय की २५ तारखेला दुपारी पंधराएक माणसं जेवायला आहेत. सोरपोतेल (व्हिनेगर घातलेला डुकराच्या मांसाचा रस्सा), भाजलेली कोंबडी, पुलाव, पोटॅटो चॉप्स आणि फुगे (मैद्याचे तळलेले गोळे) असा बेत आहे, आदल्या रात्री चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे नाताळच्या प्रार्थनेला, जायचंय, आणि घरात दोन पक्ष पडलेत. जाऊबाई म्हणतात २३लाच सगळं उरकून फ्रीजमध्ये टाका, नवरा म्हणतो सणाचं जेवण ताजंच हवं.

मी वसईची, त्यामुळे हा वाद ओळखीचा आहे. माझं ऐकाल तर दोघांपैकी कुणाचंच पूर्ण ऐकू नका. ज्यात व्हिनेगर आहे ते आधी करा, जे तळायचंय ते पानं वाढायच्या वेळी तळा, आणि मधलं सगळं निम्मं आदल्या दिवशी, निम्मं त्या दिवशी.

सोरपोतेलच्या बाबतीत नवऱ्याचं चुकतंय. त्या दिवशी केलेलं सोरपोतेल म्हणजे मांस एकीकडे आणि आंबटपणा दुसरीकडे. दोन-तीन दिवस मुरलं की व्हिनेगरचा नाकात जाणारा वास बसतो आणि मसाला आतपर्यंत जातो. म्हणून ते २२लाच करा. डुकराचं मांस मोठ्या तुकड्यांतच अर्धवट उकडा, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच बारीक चिरा. गरम असताना चिरायला गेलात तर चरबी सुरीला चिकटते आणि तुकडे चिरण्याऐवजी चिरडले जातात. मग ते त्यांच्याच चरबीत परता. काळीज शेवटी घाला, जास्त परतलं की ते चिवट होतं. काश्मिरी मिरची, जिरं, मिरी, दालचिनी, लवंग हे सगळं व्हिनेगरमध्येच वाटा, पाणी नको. रस्सा सैल करायला मांस उकडलेलं पाणी आहेच.

व्हिनेगरात मांस टिकवायची रीत आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आली, आणि वसई त्यांच्याकडे १५३४ ते १७३९ अशी दोनशेवर वर्षं होती. फ्रीज नव्हते तेव्हा सोरपोतेलचं मडकं रोज एकदा उकळी आणून ठेवलं जायचं. आता फ्रीज आहे, तर त्यात ठेवा. पण भांडं अ‍ॅल्युमिनियमचं नको, आणि कल्हई उडालेलं पितळेचं तर मुळीच नको, कारण आंबट पदार्थ धातूला खातो. स्टील, काच किंवा मातीचं चालेल. वाढण्यापुरतं कोरड्या डावाने काढा आणि तेवढंच चांगलं उकळवा.

नवऱ्याने तरीही ‘ताजं, ताजं’ लावलं तर त्यांना विचारा, घरातला बाटली मसाला कधी कुटला होता? एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या वाळवून, कुटून, बिअरच्या बाटल्यांत ठासून भरलेला मसाला डिसेंबरात कुणाला शिळा वाटत नाही. केकची फळंही महिना-दीड महिना रममध्ये पडलेली असतात.

फुग्यांच्या बाबतीत मात्र जाऊबाई चुकताहेत. आदल्या दिवशी तळलेले फुगे मायक्रोवेव्हमधून काढले की दोन मिनिटं मऊ राहतात, मग दाताने ओढावे लागतात. पीठ मात्र आधी भिजवा. मैदा, अंडी, नारळाचं दूध, चमचाभर साखर, मीठ आणि यीस्ट घालून सैलसर भिजवायचं. जुनी माणसं यीस्टऐवजी ताडी घालतात, चांगली ताडी मिळत असेल तर उत्तमच. मिस्सेला निघण्यापूर्वी पीठ भिजवून फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी आठ-साडेआठला बाहेर काढा. डिसेंबरात ते फुगायला वेळ लागतो, पण जेवणाच्या वेळेपर्यंत तयार होतं. भांडं निम्मंच भरा, नाहीतर सकाळी फ्रीज पुसत बसाल.

तळताना हात पाण्यात बुडवायचा, मुठीत पीठ घ्यायचं आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधून लिंबाएवढा गोळा वर काढून अलगद तेलात सोडायचा. चांगलं फुगलेलं पीठ असेल तर गोळा तेलात आपणहून कूस बदलतो, झारा लावावा लागत नाही. तेल फार तापवू नका, बाहेरून लाल होतात आणि आत कच्चे राहतात. हे काम ज्यांनी सकाळपासून स्वयंपाक केलाय त्यांनी करू नये. घरात एखादा धडधाकट पुतण्या किंवा भाचा असेलच, त्याला कढईपाशी उभा करा.

कोंबडी फ्रीजरमधली असेल तर २३च्या सकाळीच खालच्या कप्प्यात उतरवा. ओट्यावर ठेवून बर्फ वितळवायचा नाही. २४च्या सकाळी मसाला चोळा. आत भरायचं सारण आदल्या दिवशी करून गार ठेवायला हरकत नाही, पण ते कोंबडीत भरायचं ओव्हनमध्ये घालायच्या जरा आधी. रात्रभर भरून ठेवायचं नाही, त्यात जंतू वाढतात. दीड किलोची रिकामी कोंबडी १८० अंशांवर सव्वा तासाच्या आसपास होते, भरलेली असेल तर जास्त वेळ धरा. थर्मामीटर असेल तर मांडीच्या जाड भागात आणि सारणातही ७४ अंश दिसायला हवेत. बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं तशीच राहू द्या, मग कापा.

चॉप्सचा खिमा आणि बटाटा २४च्या दुपारी. संध्याकाळी आकार देऊन ताटात झाकून फ्रीजमध्ये ठेवलेत तरी चालतील. अंडं आणि रवा मात्र तळताना लावा, आधी लावलेला रवा ओलसर होऊन तव्यावर सुटतो.

पुलावासाठी कांदा तळून ठेवा, यखनी, म्हणजे मांस उकडलेलं मसालेदार पाणी, करून ठेवा, तांदूळ त्याच दिवशी शिजवा. मोठ्या पातेल्यातला भात मधोमध तासन् तास कोमट राहतो. त्यात वाढणारे काही जंतू जे विष तयार करतात ते पुन्हा गरम करूनही जात नाही. पंधरा माणसांच्या जेवणात हा धोका कशाला? उरलेला भात पसरट ताटात गार करून लगेच फ्रीजमध्ये टाका.

खरी अडचण वेळेची नाही, फ्रीजमधल्या जागेची आहे. सोरपोतेल, पीठ, कोंबडी आणि चॉप्सचं ताट एका घरगुती फ्रीजमध्ये मावणार नाही. थंड पेयांच्या बाटल्या बर्फाच्या टबात बाहेर काढा आणि शेजाऱ्यांचा एक कप्पा आताच मागून ठेवा. नाहीतरी नाताळच्या फराळाचं, कुळकुळ आणि नेवऱ्यांचं ताट त्यांच्याकडे जाणारच आहे, तेव्हाच विषय काढा.

ओव्हनचं तुम्ही काही लिहिलेलं नाही. नसेल तर कोंबडी न भरता जाड बुडाच्या पातेल्यात तुपावर सगळीकडून लाल करून घ्या, वर पाण्याचं झाकण ठेवा आणि मंद आचेवर तासभर शिजवा, मध्ये दोन-तीनदा उलटा. बुडाशी जो दाट रस उतरतो त्यात उकडलेले बटाटे परतून घ्या, म्हणजे वेगळी भाजी करायला नको.