यूरॉलॉजीची सीट घेण्याआधी तिथली केस-संख्या विचार

एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या लातूरच्या विद्यार्थिनीस,

दुचाकीच्या अपघातात पेल्व्हिस (कमरेखालचं हाडांचं कडं) मोडलेल्या, मूत्रमार्ग तुटलेल्या तरुणाला पोटातून मूत्राशयात नळी घालून ‘तीन महिन्यांनी या’ असं सांगून घरी पाठवलं, असं तू लिहितेस. तीन महिने का, पुढचं ऑपरेशन कोण करतं आणि ते शिकायचं तर काय करावं, हे तुझे प्रश्न. शिवाय ‘मुलीकडे यूरॉलॉजीचे (मूत्रविकारांचे) पेशंट कोण येणार?’ ही घरच्यांची शंका.

तीन महिन्यांत ओटीपोटात साचलेलं रक्त शोषलं जातं, वर सरकलेलं प्रोस्टेट खाली येतं आणि व्रण (जखम भरताना होणारी कडक ऊती) पक्का होतो. मग खालून आरजीयू (मूत्रद्वारातून रंगद्रव्य सोडून काढलेला एक्स-रे) आणि वरून एमसीयू (मूत्राशयात रंगद्रव्य भरून, लघवी करायला लावून काढलेला एक्स-रे) एकाच वेळी काढून दोन टोकांतलं अंतर बघतात. ब्लॅडर नेक, म्हणजे मूत्राशयाचं तोंड, उघडली नाही तर वरचं टोक फिल्मवर दिसत नाही. तेव्हा पोटातल्या नळीच्या वाटेने दुर्बीण घालावी लागते.

ऑपरेशन पेरिनियममधून, म्हणजे अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेतून होतं. बल्बर मूत्रमार्ग (तिथला मूत्रमार्गाचा भाग) मोकळा करायचा, व्रण पूर्ण काढायचा, प्रोस्टेटच्या टोकाशी निरोगी म्यूकोसा (आतलं अस्तर) दिसला की विरघळणाऱ्या बारीक धाग्याचे साधारण 8 ते 12 टाके घालून टोकं जोडायची. ताण येत असेल तर दोन्ही क्रूरा (शिश्नाची हाडाला चिकटलेली मुळं; एक असेल तर क्रस) वेगळे करायचे, तेवढ्याने भागलं नाही तर प्युबिक हाडाचा खालचा भाग काढायचा आणि शेवटचा उपाय म्हणून मूत्रमार्ग क्रसच्या वरून वळवून आणायचा. (गालाच्या आतल्या अस्तराचं कलम लावण्याचे व्हिडिओ पाहून गोंधळू नकोस. ते कलम मुख्यतः पुढच्या मूत्रमार्गाच्या आकुंचनासाठी असतं. पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णींच्या नावाने ओळखलं जाणारं तंत्रही त्यासाठीच आहे.)

हे ऑपरेशन फसतं ते बहुतेकदा व्रण अर्धवट काढल्यामुळे, नाहीतर जोडावर ताण राहिल्यामुळे. तिसरं कारण जास्त घातक आहे. मागून कापलेला बल्बर मूत्रमार्ग पुढच्या बाजूने उलट येणाऱ्या रक्तावर जगतो. तो पुरवठाही अपघातात गेला असेल तर तो भाग मरतो आणि मग कातडीची नळी बनवण्यासारखे अवघड मार्ग उरतात. पहिल्या प्रयत्नात यश मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. म्हणून तो प्रयत्न सरावलेल्या हातांचा हवा, आणि वर्षाकाठी दोन-चार केसेस येणाऱ्या ठिकाणी हे काम हाताला बसत नाही.

रस्ता असा: एमबीबीएस आणि इंटर्नशिप, नीट-पीजी (पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा), जनरल सर्जरीत एमएस किंवा डीएनबी ही पदवी 3 वर्षं, नीट-एसएस (सुपरस्पेशालिटीची प्रवेशपरीक्षा), यूरॉलॉजीत एमसीएच किंवा डीआरएनबी ही सुपरस्पेशालिटीची पदवी 3 वर्षं, त्यानंतर रिकन्स्ट्रक्टिव्ह यूरॉलॉजीची (मूत्रमार्ग पुन्हा बांधण्याच्या शस्त्रक्रियांची) फेलोशिप. सगळं अडथळ्याविना झालं तरी आजपासून दहा वर्षं धर.

एमसीएचची सीट घेताना शहराकडे आणि कॉलेजच्या नावाकडे बघून भुलू नकोस. बऱ्याच विभागांचा वेळ मुतखडे, प्रोस्टेट आणि किडनी ट्रान्सप्लांटमध्येच जातो. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या रेसिडेंटला गाठून विचार: वर्षाला किती यूरेथ्रोप्लास्टी (मूत्रमार्ग दुरुस्त करण्याची ऑपरेशन्स) होतात? त्यांतल्या पेल्व्हिक फ्रॅक्चरच्या किती? रेसिडेंट स्वतः काय करतो, की नुसता रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) धरतो? फेलोशिप निवडतानाही हेच विचार, आणि दुसरीकडे फसलेल्या केसेस तिथे येतात का, हेही.

घरच्यांच्या शंकेचं उत्तर सोपं आहे. महिनोन्महिने पोटात नळी घेऊन फिरणारा माणूस निकाल बघतो. शिवाय पेल्व्हिस मोडून मूत्रमार्ग आणि योनी दोन्ही फाटलेल्या मुलीही येतात, फिस्टुलाच्या (मूत्रमार्ग किंवा मूत्राशय आणि योनी यांच्यात भोक पडून लघवी गळणाऱ्या) स्त्रियाही येतात, आणि त्यांतल्या अनेकींना स्त्री डॉक्टर हवी असते.

आत्ता एवढं कर. रेडिओलॉजीच्या पोस्टिंगला आरजीयूच्या फिल्म्स स्वतः वाच, पेरिनियमचं डिसेक्शन पुन्हा बघ. कॅज्युअल्टीत पेल्व्हिसच्या पेशंटच्या मूत्रद्वाराशी रक्त दिसलं तर फोलीज कॅथेटर (लघवीची नळी) जोर लावून आत ढकलू नकोस, सीनियरला बोलाव. पेशंट स्थिर असेल तर आधी आरजीयू होऊ दे. अर्धवट फाटलेला मूत्रमार्ग त्या ढकलण्याने पूर्ण तुटू शकतो.