जुनी पेटी (हार्मोनियम) घ्यायचीय? गणपती होऊ दे

गणपतीआधी कुडाळ-सावंतवाडीकडे पेटीचा भाव करू नकोस, भजनी मंडळांना ती तेव्हाच लागते. विसर्जनानंतर विचार. नवी घेतली की जुनी माळ्यावर जाते, आणि ती स्वस्तात सुटते.

पॉलिश बघू नकोस. खटके उघड, भाता भर आणि एकही पट्टी न दाबता सोड. भाता लगेच बसला तर हवा गळतेय. ते दुरुस्त होतं, पण तो खर्च धरूनच भाव कर. मग झाकण काढून सूर, म्हणजे आतल्या वाजणाऱ्या पितळी जिभा, बघ. आपल्या दमट हवेत पितळेवर हिरवट थर चढतो, तो साफ करता येतो. तडकलेला सूर मात्र बदलावाच लागतो. लाकडातून भुसा गळला तर कितीही स्वस्त असो, घेऊ नकोस.

आणि दशावतारी नाटकातली पायपेटी (पायाने भाता मारायची पेटी) कुणी विकत असेल तर मला आधी कळव, मी बघायला येतो.