‘पम्प्ड अप किक्स’ला इंडी पॉप का म्हणतात? त्यात तर तेच तेच वाजत राहतं ना?

तेच तेच वाजतं म्हणूनच ते गाणं भारी आहे. (इंडी पॉप म्हणजे मुळात मोठ्या म्युझिक कंपन्यांबाहेरच्या, स्वतंत्र बँडांचं पॉप; आपलं नव्वदीतलं इंडिपॉप नव्हे.) तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण नागपुरात कॉलेजच्या गॅदरिंगआधी आमच्या गिटारवाल्या दादाकडून हेच वाक्य मी रोज ऐकायचो.

मी बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवायचो. प्रतापनगरात एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत प्रॅक्टिस चालायची आणि फॉस्टर द पीपल या अमेरिकन बँडचं हे गाणं मीच हट्टाने घ्यायला लावलं, कारण हे गाणं बासच चालवतो, गिटार नुसती मधून मधून येऊन जाते. चार कॉर्ड, एफ मायनर, ए फ्लॅट, ई फ्लॅट, बी फ्लॅट, कडव्यालाही तेच आणि ध्रुवपदालाही तेच. दादा म्हणे, "काहून बे, यात वाजवायचं काय? मधात एक सोलो टाकू." म्हणजे त्याची गिटार एकटी पुढे.

आता यात वाजवायचं काय ते सांगतो. पेटीवर पांढरी चारला सा धरा. ग आणि नी कोमल, पण शेवटच्या बी फ्लॅट कॉर्डमध्ये ध शुद्ध लागतो. म्हणजे सरळ काफी थाट झाला. तो ध कोमल केला तर गाणं रडकं होईल, शुद्ध आहे म्हणून मायनर असूनही अंग हलत राहतं. हे मी दादाला पेटीवर वाजवून दाखवलं होतं, तरी तो आपलं "बोर होते बे" म्हणून राहिला होता.

गॅदरिंगला पोट्टे मस्त नाचत होते, आणि मूळ गाण्यात जिथे शिट्टी येते नेमका तिथेच त्याने सोलो सुरू केला, गिटारचा आवाज फाडणारा ओव्हरड्राइव्ह फुल, ड्रमरही जोशात लय वाढवत गेला, साउंडवाल्याने गिटार वर घेतली आणि बास गेला खाली. टाळ्या पडल्या, अगदी भरपूर पडल्या. पण नाचणं थांबलं, सगळे उभे राहून बघायला लागले. दादा अजूनही आमच्या ग्रुपवर विचारतो, टाळ्या कोणाला पडल्या सांग. माझं म्हणणं एकच, नाचणारे थांबले कोणामुळे ते तू सांग.

बाकी स्टाइलबद्दल म्हणाल तर, कडव्यातला आवाज मुद्दाम फोनवरून आल्यासारखा दबका, ध्रुवपदात आवाजावर आवाज चढवलेले, साधे ड्रम, शिट्टी, आणि कोणीच आपली कला दाखवायला पुढे येत नाही. बँडचा गायक मार्क फॉस्टर हे गाणं केलं तेव्हा लॉस एंजेलिसला जाहिरातींच्या जिंगल करायचा, सगळी वाद्यं एकट्याने वाजवून त्याने डेमो केला आणि २०१० मध्ये तोच डेमो सिंगल म्हणून आला. २०११ मध्ये बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या गाण्यांच्या यादीत सलग ८ आठवडे तिसऱ्या नंबरवर होता, सोलो नसताना. हे मी दादाला तेव्हाही सांगितलं होतं.

आणि हो, शब्द नीट ऐका. एकट्या पडलेल्या, डोक्यात बंदूक घेऊन फिरणाऱ्या पोराच्या तोंडचं गाणं आहे ते. बँडच्या बासिस्टची एक चुलत बहीण १९९९ च्या अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेतल्या गोळीबारातून वाचलेली आहे, त्यामुळे हा विषय त्यांनी मजेमजेत घेतला असं मला अजिबात वाटत नाही. २०१२ च्या डिसेंबरमध्ये न्यूटाउनच्या शाळेत गोळीबार झाल्यावर तिकडच्या काही रेडिओ स्टेशनांनी गाणं लावणं बंद केलं होतं. वर नाचवणारी चाल आणि खाली हे, ही पण इंडी पॉपवाल्यांची जुनी खोड आहे.

तसं काटेकोर बोलायचं तर अल्बम आला तो कोलंबिया या मोठ्या म्युझिक कंपनीच्याच एका छोट्या लेबलवर, म्हणजे इंडी हे धंद्याच्या हिशोबाने नाही, फक्त आवाजाच्या हिशोबाने. आणि सोलो सगळीकडेच वाईट असतो असंही मी म्हणत नाही, रॉकमध्ये पाहिजेच.

पण हे गाणं बसवत असाल तर क्लिक (ड्रमरच्या कानातला ठेका) मिनिटाला १२८ वर लावा, शिट्टीच्या जागी शिट्टीच ठेवा, आणि साउंड चेकला बासची लेव्हल स्वतः उभं राहून ठरवून घ्या, गिटारवाल्यावर सोडू नका.