गाडी आधी खालून बघा: जुन्या फोर बाय फोरबद्दल वाचकांचे प्रश्न

मे संपत आला, गणपतीचे वेध लागले की एकाच तऱ्हेचे प्रश्न यायला लागतात. गावची चढण चढायला चारही चाकांना ताकद देणारी, म्हणजे फोर बाय फोर गाडी हवी, नवी परवडत नाही, एक जुनी बघितलीय, घेऊ का? सोबत फोटो असतात: तकतकीत बॉनेट, नवी सीट कव्हरं. खालून काढलेला फोटो कोणीच पाठवत नाही. काही प्रश्नांना इथे एकत्रच उत्तरं देतो.

घरापर्यंतचा शेवटचा तुकडा कच्चा आहे, पावसात निसरडा होतो. फोर बाय फोर लागेलच का? (लांजा)

चढ किती आहे, त्यावर आहे. सपाट चिखलाला उंच गाडी आणि नक्षी शाबूत असलेले टायर बहुतेक वेळा पुरतात. लाल मातीचा खडा चढ असेल आणि भर पावसात रात्री आजारी माणसाला खाली आणायची वेळ येत असेल, तर घ्या. पण ट्रान्स्फर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी), जादा डिफरन्शियल (एका ॲक्सलवरच्या दोन चाकांना कमीजास्त वेगाने फिरू देणारा भाग), जादा शाफ्ट हा सगळा देखभालीचा खर्च तुमच्या गळ्यात येतो. ओळखीच्या कोणाची अशी गाडी जुलैमध्ये त्याच चढावर चालवून बघा, मग ठरवा.

२०२१ ची सफारी मिळतेय. एजंट म्हणतो, सफारी म्हणजे फोर बाय फोरच. नॉबवर 'रफ' असंही लिहिलंय. (देवरुख)

नाही. २०२१ मध्ये आलेली सफारी फक्त पुढच्या चाकांवर चालते. तो नॉब फिरवला की इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचं वागणं बदलतं, मागच्या चाकांना ताकद जात नाही. जुन्या सफारीत आणि सफारी स्टॉर्ममध्ये फोर बाय फोर मिळायची, त्या नावावर आजही धंदा चाललाय. थारबद्दल तोच गैरसमज: जानेवारी २०२३ पासून निव्वळ मागच्या चाकांवर चालणारी थारही विकली जाते. थारमध्ये मुख्य गिअरशेजारी दुसरा छोटा दांडा नसेल तर ती फोर बाय फोर नाही. डस्टर, एक्सयूव्ही ५०० मध्येही ठरावीक मॉडेललाच ही सोय होती. एजंटाच्या तोंडावर जाऊ नका. चॅसी नंबर घेऊन अधिकृत वर्कशॉपमध्ये नेमकं मॉडेल विचारा.

गाडी फोर एचमध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगासाठी) कायम ठेवली तर डांबरी रस्त्यावर ग्रीप वाढते असं मित्र म्हणतो. (मालवण)

थार, बोलेरो, जिम्नी असल्या गाड्यांत कोरड्या डांबरावर अजिबात ठेवू नका. वळताना पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत, तो फरक जिरवायला मध्ये काहीच नसतं, आणि सगळा ताण शाफ्टवर आणि ट्रान्स्फर केसवर येतो. मित्राची गाडी विकायला निघाली तर मात्र घेऊ नका.

२०१५ ची स्कॉर्पिओ फोर बाय फोर, एकच मालक, गाडी समुद्राजवळच्या वाडीतली. डीलरने नुकतंच अंडरकोटिंग (गाडीच्या खालच्या बाजूला गंजरोधक काळा थर) करून दिलंय आणि गंजाची काळजी करू नका म्हणतो. घेऊ का? (गुहागर)

विकायच्या तोंडावर कोणी अंडरकोटिंग केलं की माझा पहिला प्रश्न असतो: त्याआधी तिथे काय दिसत होतं? गंज खरवडून, प्रायमर मारून, नीट सुकवून दिलेला थर उपयोगी असतो. पण उभ्या गंजावर काळं फवारलं तर ओल आणि मीठ आतच कोंडतं. वाळवी लागलेल्या वाशाला रंग काढावा, तसं ते काम. त्याला दुपारचे दोन तास लागतात आणि गाडीची किंमत चढते.

आपल्याकडे लोकांची एक पक्की समजूत आहे की चार महिने एवढा पाऊस कोसळतो, मीठ धुऊन जातं. टपावरचं जातं. चॅसीची वरची कड, मडगार्डच्या आतल्या घड्या, पोकळ भाग इथे पावसाची धार पोचत नाही, पोचते ती नुसती ओल. बाकीचे महिने खाऱ्या वाऱ्याने बसलेलं मीठ तिथेच राहतं, हवेतला दमटपणा ओढून घेतं आणि तो भाग कधी सुकूच देत नाही. त्यात स्कॉर्पिओ, बोलेरो, थार, फॉर्च्युनर या गाड्यांची बॉडी वेगळ्या चॅसीवर बसवलेली असते. त्या चॅसीच्या पोकळ बीमला पाणी निघून जायला भोकं असतात. ती लाल चिखलाने बुजली की आत ओला गाळ महिनोन्महिने बसून राहतो. गंज आतून बाहेर येतो, आणि बाहेरून दिसेपर्यंत लोखंड पातळ झालेलं असतं.

म्हणून गाडी रॅम्पवर चढवा. डीलर 'वेळ नाही', 'रॅम्प बंद आहे' म्हणाला तर गाडी सोडून द्या. टॉर्च आणि लहान हातोडी घ्या, हलक्या हाताने ठोकत जा. जाड लोखंड खणकन वाजतं, खाल्लेलं बद्द वाजतं. मागच्या चाकावरची चॅसीची कमान, सस्पेन्शन जिथे चॅसीला धरतं त्या जागा, बॉडीखालच्या रबरी माउंटिंगच्या बैठका, सगळं बघा. ब्रेकच्या लोखंडी नळ्या तर बोट फिरवून बघा. कुंभार्ली घाट उतरताना त्यातली एक फुटली तर चारही चाकांची ताकद काही कामाची नाही. चॅसी नंबर स्वच्छ वाचता आला पाहिजे. काळ्या थराखाली दबला असेल किंवा गंजून पुसट झाला असेल तर गाडी नावावर करताना अडकाल. चॅसीला वेल्डिंगची ठिगळं दिसली तर माझं उत्तर 'नको' असंच आहे, किंमत कितीही कमी असो. तारेच्या ब्रशने निघेल असा वरवरचा तांबूस गंज मात्र चालतो. समुद्राकाठी दहा वर्षं राहिलेल्या गाडीला तोही नसेल, तर आधी त्याची चौकशी करा.

आणखी एक. विकणाऱ्याचे रील्स बघा. काशीद, हर्णैच्या वाळूत चाकं उधळताना, लाटेत गाडी घातलेली दिसली तर वेगळा पुरावा कशाला हवा? तापलेला ॲक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदरची (ॲक्सलमधली हवा आत-बाहेर जाऊ देणारी) नळी चोंदलेली असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. दोन्ही डिफरन्शियलचं आणि ट्रान्स्फर केसचं थोडं ऑइल काढून बघायला सांगा. दुधाळ असेल तर पाणी शिरलेलं आहे.

हे वाचून निकाल स्वतः लावू नका. विकणाऱ्याशी ज्याचा काही संबंध नाही अशा मेस्त्रीला दाखवा, आणि त्याचे पैसे तुम्ही द्या, डीलरला देऊ देऊ नका.

गाडी पुरात बुडालेली होती का, हे कसं कळेल? (खेड)

जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडमध्ये पाणी शिरलं तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. विमा कंपनीने मोडीत काढलेली गाडी लिलावातून दुसऱ्या जिल्ह्यात जाते, धुऊनपुसून परत बाजारात येते. त्यामुळे नंबर पुण्याचा आहे, ही काही खात्री नव्हे. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. कार्पेट उचला, सीटच्या रुळांचे स्क्रू बघा, डॅशबोर्डखाली हात घालून बघा. कोणी म्हणेल, इतकी वर्षं चालली, आता काय होणार? वायरिंगचे जोड हळूहळू सडतात, आणि मग एक दिवस एअरबॅगचा किंवा एबीएसचा दिवा लागतो, तो विझत नाही. विक्रेत्याला त्याच्या विमा कंपनीकडून दाव्यांचा इतिहास लेखी आणायला सांगा, अधिकृत वर्कशॉपमधली नोंदही काढा. दोन्हीला टाळाटाळ झाली तर पुढे जाऊ नका.

मीटरवर ४८,००० किलोमीटर आहेत. खरे असतील? (राजापूर)

सर्व्हिस रेकॉर्ड मागा. टायरवरच्या तारखेच्या चार आकड्यांत आधी आठवडा, मग वर्ष असतं: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. टायर गाडीपेक्षा बरेच नवे असतील, तर एवढ्या कमी किलोमीटरला ते का बदलले, हे विचारा. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत, या गाड्यांना ते जास्तच लागतं.

दिल्ली पासिंगची नऊ वर्षांची डिझेल फॉर्च्युनर फार स्वस्त मिळतेय. (कुडाळ)

तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले होते, त्यामुळे अशा गाड्या स्वस्तात निघू लागल्या. तिथल्या आरटीओची एनओसी, बँकेचा बोजा असल्यास तो उतरवल्याचं पत्र, इथला रोड टॅक्स आणि नवा एमएच ०७ नंबर, एवढं सगळं तुमच्या डोक्यावर येतं. टॅक्सचा आकडा एजंटाकडून ऐकू नका, पैसे देण्याआधी सिंधुदुर्ग आरटीओत जाऊन विचारा. तो धरून हिशेब करा, मग स्वस्त वाटते का बघा. आणि ती फोर बाय फोरच आहे ना? फॉर्च्युनर दोन्ही प्रकारांत येते.

सासूबाईंचे गुडघे दुखतात. थारच्या मागच्या सीटवर चढता येईल का? (दापोली)

तीन दारांच्या थारमध्ये कठीण आहे. त्यांना गाडीपाशी न्या, स्वतः बसून-उतरून बघू द्या. गुडघ्यांचं डॉक्टरांना विचारा.

गाडी विकून दहा महिने झाले. घेणाऱ्याने अजून नावावर केली नाही, टीटी (मालकी हस्तांतराच्या) फॉर्मवर माझ्या सह्या आहेत. मी मोकळा ना? (रत्नागिरी)

नाही! कागदोपत्री मालक अजून तुम्हीच आहात. ज्याचं नाव नोंदणीत, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. ई-चलानही तुमच्याच नावावर येणार. हस्तांतराची खबर विकणाऱ्याने फॉर्म २९ वर १४ दिवसांत आरटीओला द्यायची असते, घेणाऱ्याला विमा नावावर करायलाही तेवढेच दिवस मिळतात. दहा महिने कशाची वाट बघत होता? खरेदीची पावती, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि तुमच्याकडचे सगळे कागद घेऊन उद्या सकाळीच आरटीओत जा, तिथून निघालात की वकिलाला भेटा, आणि विमा कंपनीला विक्रीची तारीख लेखी कळवा.