तंबोरा नीट ऐकू येतो का?

प्रश्न : बाई, चाळीस हजारांत घरी स्टीरिओ बसवायचा म्हणतोय. ख्याल, नाट्यसंगीत, जुनी सिनेगीतं एवढंच ऐकतो. दुकानदार म्हणतोय, दोनशे वॅटचा अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारं यंत्र) घ्या, स्पीकर काय नंतर बदलता येतील. खरं मन तयार होईना. काय करू? (निपाणी)

उत्तर : तुमचं मन बरोबर सांगतंय. पंचवीस-सव्वीस हजार स्पीकरांवर घाला आणि उरलेल्या पैशांत वीस-तीस वॅटचा साधा स्टीरिओ अ‍ॅम्प घ्या. चांगल्या स्थितीतला जुना मिळाला तरी चालेल.

वॅटचा आकडा मोठा दिसतो म्हणून माणूस भुलतो. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं एकक) वाढतो. कानाला आवाज ‘दुप्पट’ वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे वीसच्या जागी दोनशे वॅट घेतलेत तर आवाज दहापट नाही, दुप्पटच वाटणार. त्यापेक्षा स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी बघा. तिथं ८८ डेसिबल लिहिलं असेल तर एक वॅट दिल्यावर एक मीटरवर तेवढा आवाज मिळतो. घरच्या खोलीत ख्याल ऐकायला एक-दोन वॅट पुरतात. बाकीचे वॅट तबल्याच्या एखाद्या जोरकस थापेपुरते लागतात.

स्पीकर निवडताना दुकानातलं धडाडधूम गाणं लावू देऊ नका. ज्यात सुरुवातीला तंबोरा मोकळा वाजतोय असं ध्वनिमुद्रण सोबत न्या. माझी कसोटी नेहमी तीच. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीला १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व तंबोरा जुळवण्याबद्दल फार काटेकोर. त्यांच्या मैफलीचं एखादं मुद्रण नेलंत तर उत्तम.

आता काय ऐकायचं ते सांगते. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज, म्हणजे ‘सा’, सुमारे १३८ हर्ट्झवर असतो, म्हणून त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सुराची, तार सुमारे ६९ हर्ट्झवर. चार इंची छोट्या स्पीकरला हा खर्ज पेलत नाही. तरी खर्ज ऐकल्यासारखा वाटतो, कारण वरच्या उपस्वरांवरून (मूळ स्वरासोबत आपोआप उमटणाऱ्या चढ्या सुरांवरून) मेंदू खालचा स्वर जुळवून घेतो. दुकानात फसगत होते ती इथं. म्हणून शेजारी थोडा मोठा स्पीकर लावून दोन्ही पाठोपाठ ऐका. मोठ्यातून खर्ज पोटात जाणवेल, छोट्यातून नुसता कळेल.

दुसरी खूण गंधाराची, म्हणजे ‘ग’ची. तंबोरा सुरेल लागला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो. तो त्या तारेचा पाचवा उपस्वर, सुमारे ३४६ हर्ट्झवर. चांगल्या स्पीकरात तो तारांच्या मधोमध तरंगताना ऐकू येतो, गढूळ स्पीकरात सगळं एका गुणगुणीत मिसळून जातं. तिसरी खूण जवारीची, म्हणजे तारेच्या गुंजत्या झारेची. मिरजेचे कारागीर घोडीचा माथा घासून आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून जी झार काढतात, ती रेशमासारखी यायला हवी. ती किरकिरली तर तो स्पीकर तिथंच ठेवा, मग त्यावर कुठलंही नाव असो. तंबोरा जमला की माणसाचा गळा जमलाच म्हणून समजा, आणि तुम्ही ऐकता ते सगळं गळ्याचंच संगीत आहे.

खोलीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण निम्मा आवाज तिचा असतो. बेळगावातल्या शहापूर, वडगावच्या जुन्या कौलारू घरांत छप्पर उतरतं आणि वासे उघडे, त्यामुळे आवाज विखुरतो आणि कानाला गोड लागतो. नव्या स्लॅबच्या खोलीत गुळगुळीत फरशी, काच आणि समोरासमोर उघड्या भिंती. तिथं एक टाळी वाजवून बघा. मागोमाग झणझण उठली तर खाली सतरंजी घाला, समोरच्या भिंतीवर जाड वाकळ टांगा, पुस्तकांचं कपाट तिथं सरकवा. स्पीकर कोपऱ्यात कोंबू नका, कोपऱ्यात खर्ज फुगतो. भिंतीपासून दीड-दोन फूट पुढं घ्या. याला पैसे लागत नाहीत आणि फरक हजारो रुपयांचा पडतो.

प्रश्न : वडिलांनी धारवाड आणि सांगली आकाशवाणीवरून टेप केलेल्या कॅसेटी ट्रंकेत सापडल्या. पावसाळ्यात काहींवर पांढरी बुरशी आलीय. लावून बघू का? (खानापूर)

उत्तर : लगेच लावू नका. बुरशीची फीत फिरली की बुरशी प्लेअरच्या हेडला (फीत वाचणाऱ्या भागाला) लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटीला. तुमच्याकडच्या पावसात हे होणारच. उन्हातही ठेवू नका, प्लॅस्टिक वाकडं होतं. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून कॅसेटी आठ-दहा दिवस कोरड्या होऊ द्या. नंतर नाकाला फडकं बांधून, पेन्सिलीनं सावकाश गुंडाळत, बाहेर दिसणारी फीत मऊ कोरड्या कापडावरून जाऊ द्या. कॅसेटीच्या आतला फेल्टचा छोटा तुकडा निसटला असेल तर आधी तो चिकटवा. पाठच्या कडेच्या दोन चकत्या मोडून टाका, म्हणजे चुकून वर काही टेप होणार नाही.

प्लेअरमध्ये रबरी बेल्ट नवा बसवून घ्या, जुना ताणलेला असतोच आणि मग गाणं हेलकावतं. प्रत्येक कॅसेटनंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. आवाज दबका वाटला तर हेडशेजारचा बारीक स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवा. ज्या जागी ‘स’ आणि ‘श’ सर्वांत स्पष्ट येतील ती त्या कॅसेटची जागा. दुसऱ्या यंत्रावर भरलेल्या कॅसेटींना हे करावंच लागतं. सी-१२० (दोन तासांच्या) कॅसेटी असतील तर पुढं-मागं पळवू नका, त्यांची फीत फार पातळ असते.

संगणकावर उतरवताना ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल ठेवा आणि मूळ प्रतीतली खरखर काढू नका. वडिलांनी मध्यम लहरींवरून टेप केलंय, त्यात विजेचे कडकडाट आणि निवेदकाचा आवाज असणार. तो खानापूरच्या पावसाचा आणि तुमच्या घराचा पुरावा आहे. ऐकायला साफ केलेली प्रत वेगळी करा.

प्रश्न : अवकाशातल्या सिनेमांत स्फोटाचा दणका ऐकू येतो. निर्वातात आवाज जात नाही ना? आणि मराठीत आवाजावर विज्ञानकथा लिहायची तर सुरुवात कुठून करू? मी बीएस्सीला आहे. (बेळगाव, टिळकवाडी)

उत्तर : जात नाही. पण त्या दणक्यापेक्षा जास्त नवलाची गोष्ट खरी घडलेली आहे, तिथून सुरुवात कर. १९७७ साली दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी पाठवली. त्यात गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटांची. केसरबाईंची तालीम अल्लादिया खाँसाहेबांकडची, म्हणजे कोल्हापूरच्या दरबारी गवयाकडची. त्याच तबकडीवर ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यांत मराठीही आहे आणि कन्नडही. आपण इथं दोन्ही भाषांत वाढलो, म्हणून मला ते फार जवळचं वाटतं. सोबत सुई आणि कार्ट्रिजही दिलंय. तबकडी किती वेगानं फिरवायची हे परक्याला कसं सांगायचं? त्याला आपला सेकंद कुठून माहीत? म्हणून वेष्टणावर हायड्रोजन अणूच्या एका बदलाचा काळ हे एकक घेऊन फेऱ्याचा वेळ कोरलाय. तो भरतो ३.६ सेकंद, म्हणजे मिनिटाला पावणेसतराच्या आसपास फेरे.

आता मंगळ. तिथं विरळ का होईना, हवा आहे. १८ फेब्रुवारी २०२१ ला उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स गाडीवर मायक्रोफोन होते. त्यांवरून कळलं की मंगळावर आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे २४० मीटर, आपल्याकडच्या ३४० च्या मानानं कमी. आणि तिथं चढे स्वर खालच्या स्वरांपेक्षा सेकंदाला दहा मीटर जास्त वेगानं जातात. दूर बसलेल्या श्रोत्याला तबल्याची चाट (काठावरचा चढा बोल) डग्ग्याच्या (जोडीतल्या मोठ्या, खालच्या सुराच्या वाद्याच्या) घुमाऱ्याआधी पोचायला हवी. पण तिथला कार्बन डायऑक्साइड चढे स्वर गिळून टाकतो, म्हणून ती चाट पोचायच्या आतच विरेल. मंगळावर जन्मलेल्या मुलीला ताल कसा शिकवायचा? तुझी कथा इथं आहे, लिही.

लिहिण्याआधी जयंत नारळीकर वाच. त्यांचा जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा. मे २०२५ मध्ये ते गेले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं पाठवली आणि पहिला नंबर मिळवला. नावाची आद्याक्षरं उलटी करून बघ. ‘यक्षांची देणगी’पासून सुरू कर. विज्ञानाचा एकच धागा घेऊन माणसांची गोष्ट सरळ भाषेत कशी सांगायची, ते त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. सिनेमांतली अगम्य यंत्रं तुझ्या कथेत आणू नकोस.

प्रश्न : पाच हजारांची स्पीकर वायर घेऊ का? (चिकोडी)

उत्तर : नको. दीड चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे ०.०१२ ओहम. पाच मीटर अंतरावर जाऊन-येऊन दहा मीटर धरली तरी ०.१२ ओहम, आणि तुमचा स्पीकर ८ ओहमचा. विजेच्या दुकानातली वायर आणा, टोकं घट्ट आवळा.

प्रश्न : विसर्जन मिरवणुकीत डीजेच्या स्पीकरांच्या भिंतीजवळून चालल्यावर रात्रभर कानात शिट्टी वाजत होती. काळजी करू का? (बेळगाव, अनगोळ)

उत्तर : करा. ८५ डेसिबल रोज आठ तास कानाला चालतात असं धरलं जातं, आणि दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. त्या भिंतींसमोर आवाज याच्याही वर जातो. आतल्या कानातल्या रोमपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा येत नाहीत, आणि आधी जातात त्या चढ्या स्वरांच्या, जवारी ऐकणाऱ्या. पुढच्या वर्षी औषधाच्या दुकानातून फोमचे बुच घ्या, पिळून बारीक करून कानात खोल बसवा, आणि मुलांनाही घाला. लहान मुलाला खांद्यावर घेऊन भिंतीपुढं नाचणारे वडील दिसले तर मी थांबवून सांगते. शिट्टी अजून वाजत असेल, किंवा एका कानानं कमी ऐकू येतंय असं वाटत असेल, तर हे पत्र छापून यायची वाट बघत बसू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा, पहिल्या काही दिवसांतच औषधाचा उपयोग होण्याची शक्यता जास्त असते.