वडील तीच गोष्ट दर वेळी वेगळी सांगतात, म्हणजे खोटं बोलतात का?

तुम्ही लिहिलंय की वडील दर दिवाळीला १९७२ च्या दुष्काळातली, खडी फोडायच्या कामावरची गोष्ट सांगतात. कधी सुकडी (दुष्काळी कामावर वाटलं जायचं ते खाणं) एक वाटी मिळालेली असते, कधी दोन. कधी धाकटा भाऊ सोबत असतो, कधी ते एकटेच. हे खोटं समजायचं का आणि टोकायचं का, असा तुमचा प्रश्न आहे.

खोटं नाही ते. आणि टोकू तर अजिबात नका.

मी लातूरला मानसशास्त्र शिकवतो, पण ही गोष्ट मला पुस्तकाआधी मावशीनं दाखवली. तिचं गाव किल्लारीच्या जवळ. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या रात्रीच गणपती बोळवलेले, माणसं दमून झोपलेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात थंडावा देणारी तीच घरं अंगावर आली. मावशी तान्ह्या लेकराला घेऊन अंगणात आलेली होती, म्हणून वाचली. तिची सासू आत राहिली.

पत्र्याच्या शेडमध्ये मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते सगळं एका दमात संपलं होतं: "लेकरू रडायलं होतं, बाहीर आले, आन् मागं धाडकन झालं." पुढं वर्षानुवर्षं त्यात भर पडत गेली. एकदा लेकराला ताप होता, एकदा उकडत होतं, एकदा कुत्री भुंकत होती. पहिल्या सांगण्यात नसलेला 'म्हणून' हळूहळू आला: ताप होता म्हणून उठले, उकडत होतं म्हणून बाहीर आले. एक जागा मात्र कधीच बदलली नाही. "आत्याबाई, बाहीर या की," असं ती सासूला म्हणाली आणि आतून उत्तर आलं, "तू हो म्होरं, मी आले." इथं आलं की मावशीचा हात पदराकडं जातो आणि आवाज खाली येतो. मोबाईलवर दोनदा रेकॉर्ड केलंय मी. दोन्ही वेळा शब्द तेच आणि मधला थांबाही तेवढाच.

फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९३२ मध्ये मांडलं की आठवण पेटीत ठेवलेल्या वस्तूसारखी बाहेर येत नाही, ती दर वेळी नव्यानं रचली जाते. त्यानं इंग्रज वाचकांना अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली आणि पुन्हा पुन्हा सांगायला लावली. कथेतली माणसं सीलच्या शिकारीला निघालेली. ऐकवताना ती मासे धरायला गेली. सांगणाऱ्यांनी मुद्दाम काही बदललं नव्हतं. ओळखीचं नव्हतं ते ओळखीच्या साच्यात जाऊन बसलं, इतकंच.

मोठा धक्का बसला तर आठवण पक्की राहते, असं आपण धरून चालतो. १९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान फुटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रज्ञ उलरिक नाइसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठं कळली, कोणी सांगितली. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा विचारलं, तर ११ जणांचं सगळंच चुकलं. चुकणाऱ्यांनाही खात्री मात्र होती. भूकंपाच्या वेळी मी जागा होतो, असं मलाही लख्ख आठवतं. आई म्हणते, तुला झोपेतच उचलून अंगणात आणलं.

मग माणसं सांगत का राहतात? विल्यम लेबॉव या भाषाशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये लोकांना विचारलं, कधी जिवावर बेतलं होतं का? सांगणारा नुसता घटनाक्रम देत नाही, हे सांगण्यासारखं का आहे तेही तो जागोजागी पेरत जातो, असं त्याला दिसलं. माझ्या मते गोष्टीचा जीव तिथंच असतो. ताप असो की उकाडा, मावशीला दोन्हींतून एकच सांगायचंय: मी आत्याबाईंना टाकून आले नव्हते, हाक मारली होती.

सांगितल्यानं हलकं वाटतं, हे आपल्याकडं आयाबाया म्हणतातच. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, मनातल्या जखमेबद्दल लिहायला लावलं. घडलेलं आणि वाटलेलं दोन्ही ज्यांनी लिहिलं, ते पुढच्या महिन्यांत आजारपणासाठी दवाखान्यात कमी वेळा गेले. पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं की ज्यांच्या लिहिण्यात दिवसागणिक 'कारण', 'आता कळतंय' असे शब्द वाढत गेले, त्यांना फायदा जास्त झाला. मावशीचा 'म्हणून' मला तिथं आठवला. पण जो गप्प आहे त्याला बळंच बोलतं करू नका, ही वेगळी गोष्ट आहे. आणि जमिनीचा वाद किंवा साक्षीचा प्रश्न असेल तर लवकरात लवकर लिहून ठेवा, तिथं आठवणीच्या भरवशावर राहू नये.

तुमच्या वडिलांच्या वाट्या मोजत बसू नका. ज्या वर्षी भाऊ सोबत नसतो, त्या वर्षीच सुकडी दोन वाट्या होते का, तेवढं बघा. आणि तसं असेल तर, दुसरी वाटी कोणासाठी नेली होती, हे त्यांना एकटं गाठून विचारा.