रिपोर्ट वाचणारा तिथे नव्हता

प्रिय,

रंगमंच व्यवस्थापक म्हणून तू लिहिलेला कालचा शो रिपोर्ट, म्हणजे प्रयोगानंतर सगळ्यांना जाणारी नोंद, कसा वाटला, असं विचारलंस. खरं सांगू? तो रिपोर्ट नव्हता, तक्रार होती. "दुसऱ्या अंकात लाइट नेहमीप्रमाणे उशिरा." प्रकाशयोजनाकार हे रात्री साडेअकराला घरी वाचणार. तो प्रयोगाला नव्हता. या वाक्यावरून त्याला करता येण्यासारखं एकच आहे, चिडणं.

तेच क्यूच्या, म्हणजे ठरलेल्या क्षणी होणाऱ्या प्रकाश-आवाजाच्या बदलाच्या, क्रमांकासह असं लिहून बघ: "लाइट क्यू 47 अंदाजे 3 सेकंद उशिरा. हाक वेळेवर दिली होती, पण हेडसेटमध्ये खरखर असल्याने ऑपरेटरला ऐकू आली नाही. हेडसेट उद्या तालमीआधी तपासायचा आहे." आता यात राग नाही, आणि ज्याला जे काम करायचं ते सापडतं. 'नेहमीप्रमाणे', 'पुन्हा', 'एवढं सांगूनही' हे शब्द तुझ्या रिपोर्टातून काढून टाक. मनात ठेवायला हरकत नाही, माझ्याही असतात.

एखाद्या विभागाबद्दल काही नसेल, तर जागा कोरी सोडू नकोस. 'नोंद नाही' लिही. कोऱ्या जागेवरून काही घडलं नाही की तू विसरलास, हे कसं कळणार? प्रत्येक अंकाची वेळ मात्र रोज, मिनिट-सेकंदांसह. नट हळूहळू रेंगाळायला लागतात, रोज दहा-वीस सेकंद. कोणाच्याही लक्षात येत नाही, पण आकडे शेजारी ठेवले की दिसतं. आणि कोणाला चक्कर आली, कोण कसलं औषध घेतं, हे तीस जणांना जाणाऱ्या मेलमध्ये नको. अपघाताची नोंद वेगळी, ती ज्यांना लागते त्यांनाच.

आता प्रॉम्प्ट बुक, म्हणजे प्रयोग चालवायची तुझी वही. संहिता एका बाजूला छापलेली, समोरचं पान हालचालींसाठी कोरं, सगळं पेन्सिलीने, हे तू करतोस. पण मधे नवा क्यू आला म्हणून पुढचे सगळे आकडे बदललेस, ते चुकलं. लाइट बोर्डवर, म्हणजे दिवे चालवायच्या यंत्रावर, जुनेच आकडे असतात. 47 आणि 48 च्या मधे 47.5 घाल आणि बोर्डवरही तसंच घालून घे. उद्या तुला ताप आला, तर तुझ्या वहीवरून दुसऱ्या कोणाला तरी प्रयोग चालवता आला पाहिजे. तुझी खासगी खूण तुलाच कळत असेल, तर पहिल्या पानावर तिचा अर्थ लिही. आणि 'डावीकडे' म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची डावी. दिग्दर्शक खुर्चीत बसून म्हणतात ती बहुतेक वेळा त्यांची स्वतःची असते. विचारून घे, मगच लिही.

हेडसेटवर कमी बोल. "स्टँडबाय लाइट 47, साउंड 12." समोरून "स्टँडबाय" असं उत्तर येऊ दे. मग "लाइट 47, साउंड 12... गो." 'गो' नेहमी शेवटी, आणि क्यूखेरीज इतर कुठेही नाही. चर्चा करायचीच असेल तर 'तो शब्द' म्हण. कोणाचं तरी बोट बटणावर असतंच. जिथे बोलता येत नाही तिथे क्यू लाइट, म्हणजे खुणेचा दिवा: लाल म्हणजे तयार राहा, हिरवा म्हणजे कर.

यात माझाही एक घोळ ऐक. दिग्दर्शकांनी तालमीत शेवटच्या प्रवेशातली तीन वाक्यं कापली. साउंडवाल्याला मी विंगेतून जाता जाता सांगितलं, तो "हो" म्हणाला. प्रयोगात त्याच्या प्रतीत ती वाक्यं तशीच होती. तो त्या वाक्यांची वाट बघत राहिला, नट दार वाजण्याची. मधली शांतता मला अजून ऐकू येते. चूक त्याची नव्हती. तेव्हापासून बदललेलं पान तारीख घालून छापते, हातात देते, जुनं परत घेते आणि कोणाला दिलं त्यावर टिक करते.

म्हणूनच ग्रुपवर टाकलेला बदल हा कळवलेला बदल समजू नकोस. तिथला अंगठा म्हणजे होकार नव्हे, बहुतेक वेळा फक्त पाहिल्याची पोच. तालमीची वेळ रात्री बदलली, तर एकेकाला फोन कर, त्याच्याकडून नवी वेळ वदवून घे. कंटाळवाणं आहे. दहा मिनिटं जातात.

वाक्यं विसरणाऱ्या नटांच्या नोंदींबद्दल तू बरंच लिहिलंस. त्याची एवढी काळजी करू नकोस. चुकलेल्या वाक्यांची चिठ्ठी त्या नटाच्या हातात, एकट्याला, बस.

कालचा रिपोर्ट पुन्हा लिहून सगळ्यांना पाठव, वर 'दुरुस्त' असं लिही. हेडसेटचं काय निघालं, तेही कळव. मला वाटतं केबल असेल.

तुझी,
ताई